राखेने घासलेली भांडी

पुढे जे लिहितो आहे ते मी आईला सांगितले नाही, पत्नीला सांगितले नाही, आणि ज्यांना सांगणे माझे कर्तव्यच होते त्या डॉक्टरांना तर नाहीच नाही. या गोष्टीला बारा वर्षे झाली. चाळिशी उलटल्यावर मी प्रथमच काही लिहावयास बसलो आहे, आणि हात सराईत नाही. एकेका वाक्यापाशी दहादा अडतो — पण हे अडणे सवय नसल्यामुळे आहे, की मी अजूनही पळवाट शोधतो आहे म्हणून आहे? मला खात्रीने सांगता येणार नाही. तुम्ही लक्ष ठेवा. मी आडवाटेला लागलो तर ते माझ्याआधी तुमच्या ध्यानात येईल.

लोक मला भिडस्त म्हणतात. ज्या शाळेत मी शास्त्र शिकवतो तेथील मुख्याध्यापक पाहुण्यांशी माझी ओळख करून देतात तेव्हा हसून सांगतात, "आमचे मास्तर फार भिडस्त, बरे का." पाहुणेही हसतात. मी मान खाली घालतो. भिडस्त! किती सोयीचा शब्द आहे हा! भित्र्या माणसाला परीटघडीचे कपडे घातले की तो भिडस्त होतो. मी त्या शब्दाच्या आड बारा वर्षे बसलो, आणि आज त्या शब्दाचा मला इतका संताप येतो की तो उच्चारणाऱ्याच्या तोंडावर हे कागद फेकावेत असे वाटते. फेकणार नाही, हेही मला ठाऊक आहे.

मी सोलापूरचा. वडील अकाली वारल्यामुळे शिक्षण मध्येच तुटले होते. ते पुन्हा जोडून पुण्याहून रसायनशास्त्रात बी. एस्सी. होऊन परत आलो तेव्हा एकोणतिसावे वर्ष लागले होते. सहा महिने हिंडल्यावर एका गिरणीच्या दवाखान्यात जागा मिळाली. तेथील डॉक्टर विलायतेस जाऊन आलेले, बुद्धीने तल्लख, जिभेने त्याहून तल्लख. गिरणीतील मजुरांच्या पोटात किती स्निग्ध पदार्थ जातो आणि त्यातला अंगी किती लागतो, याचे मोजमाप करून एक निबंध लिहावयाचा, हा त्यांचा ध्यास होता. मालकांनी मागची एक खोली, चार खाटा आणि काचेच्या पेटीतला एक सुरेख जर्मन काटा दिला. त्या काट्यावर बसवण्यासाठी त्यांना एक माणूस हवा होता. तो मी.

काय मोजावयाचे होते? सांगतो. किळस येत असेल तर येऊ द्या. त्या किळसेचीच ही हकीकत आहे.

माणसाला खाटेवर ठेवून तीन दिवस ठरलेले अन्न द्यावयाचे. ज्वारीची भाकरी, तुरीचे वरण, शेंगांची चटणी, आणि वर करडईचे तेल, सगळे तोलून. पहिल्या जेवणाआधी चमचाभर कोळशाची पूड गिळावयास लावावयाची, आणि तीन दिवसांनंतर पुन्हा एक चमचा. कोळसा पोटातून काळाच बाहेर पडतो. म्हणजे पहिला काळा मल दिसला की गोळा करणे सुरू, दुसरा काळा दिसला की बंद. या दोन काळ्यांच्या मधले जे काही असेल ते त्या तीन दिवसांच्या अन्नाचे. ते सगळे झाकणाच्या इनॅमलच्या भांड्यांतून साठवावयाचे, अखेरीस एकत्र कालवावयाचे, वाफेवर सुकवावयाचे, कुटावयाचे आणि ईथरमध्ये धुवावयाचे. ईथरमध्ये तेल उतरते. ईथर उडवून लावला की काचेच्या चंबूच्या तळाशी उरते ते न पचलेले तेल. ते तोलावयाचे. तोंडातून गेले त्यातून हे वजा केले की अंगी लागले ते कळले. निरोगी माणसाचे शंभरातले पाच-सहा भाग वाया जातात. संग्रहणीने पोखरलेल्या माणसाचे पंचवीस, तीस, कधी त्याहून अधिक.

इतके सरळ. या विद्येत मला आजही काही खोट दिसत नाही. माणूस खोटे बोलेल, डॉक्टर चुकेल, चंबूच्या तळाशी उरलेले तेल खोटे बोलणार नाही — असे मी तेव्हा मानत होतो, आणि मुलांना वर्गात अजून तेच सांगतो.

पण मी हे काम करतो हे घरी कोणाला माहीत नव्हते. आई सोवळ्यातली. तिला मी सांगितले होते की गिरणीत तेलाची परीक्षा करतो. खोटे नव्हतेच म्हणा! तेलाचीच परीक्षा होती, फक्त ते तेल कोठून काढतात हे सांगितले नव्हते. संध्याकाळी दवाखान्याच्या नळाखाली अंग धुऊन मी घरी जाई आणि दारातच पुन्हा आंघोळ करी. आई शेजारणीला कौतुकाने सांगे, "गिरणीच्या कापसाची कुसे अंगाला लागतात हो त्याच्या." मी ऐके आणि गप्प बसे. पहिले खोटे हे असे घरात, चुलीपाशी रुजले. दुसऱ्याला त्याच्याच सावलीत वाढावयास काय वेळ?

आता म्हाकूबाई.

ती मंगळवेढ्याकडची धनगरीण. नवरा मेंढरे घेऊन वर्षाचे आठ महिने बाहेर, ही एका मुलीला जावेपाशी ठेवून सोलापुरास आलेली. गिरणीच्या वाइंडिंग खात्यात रिळे भरी. तिशीची असेल, पण दंड माझ्या मनगटाएवढे. तिच्या खात्यावरची नायकीण — बायकांवर देखरेख करणारी, मोठ्या कुंकवाची, मोठ्या आवाजाची — तिला एके दिवशी दंडाला धरून दवाखान्यात घेऊन आली.

"दिवसातनं सात येळा भाईर जाती ही, डागदरसाहेब. रिळं काय हिचा बा भरनार? सोंग हाय निस्तं."

म्हाकूबाई जराही चिडली नाही. ती म्हणाली, "सोंग करायचं तर चांगलं पोट फुगल्याचं करीन की बाई. ह्ये आसलं घाणीचं सोंग कोन करतंय?" मग डॉक्टरांकडे वळून, "साहेब, तेल पोटात ऱ्हात न्हाय बगा. जसं खाल्लं तसं जातंय. भाकरी बी तशीच."

डॉक्टरांनी जीभ पाहिली. ती लाल होती, सोलून काढल्यासारखी. ते हसले. "सोलापूरची चटणी खाणाऱ्याची जीभ लालच असायची. पांढरी असती तर मी घाबरलो असतो." पण त्यांना निबंधासाठी माणसे हवीच होती. ते नायकिणीला म्हणाले की आपण कोणाच्या शब्दावर चालावयाचे नाही, मोजून पाहू. तेल वाया जात असले तर बाई खरोखर आजारी. मग तिला दोन महिन्यांची पगारी रजा, रोज शेर दूध आणि औषध मी गिरणीकडून देववितो, आणि तिची जागाही राखवितो. तेल पचत असले तर बाई कामचुकार, आणि तिचे नाव कमी.

न्याय्य होते, नाही? मला तर त्या क्षणी अभिमान वाटला. नायकिणीपुढे धनगरणीचा शब्द कोण ऐकणार होते? पण माझा काटा ऐकणार होता. त्या दिवशी त्या खोलीत तिच्या बाजूचा म्हणून जो कोणी होता तो मी होतो.

ती खाटेवर राहिली ते दिवस मला अजून लख्ख आठवतात, कारण ती हसवी. कोळशाची पूड पाहून म्हणाली, "दात घासायचा हाय का गिळायचा?" सोनाराकडे असावा तसला काटा पाहून तोंडाला पदर लावून म्हणाली, "आगं बया, आमच्या हागण्याला बी सोन्याचं मोल आलं की!" मी रोज सकाळी खाली पाहत विचारी, शौचास किती वेळा झाले, आणि माझे कान तापत. "मास्तर," ती म्हणे, "माज्या घरधन्यानं बारा वर्सात कदी इचारलं न्हाय, आन् तुमी रोज इचारताय. लई माया तुमची." मला बहुतेक सगळे मास्तरच म्हणत, लिहिणाऱ्या माणसाला म्हणतात तसे. आणि एकदा, हसणे संपल्यावर, तिने पेटीतल्या काट्याकडे पाहत विचारले, "ह्यो खरं सांगंल न्हवं?"

मी म्हटले, "सांगेल."

भांड्यांची व्यवस्था भागूबाई पाहत असे. ती दवाखान्याची झाडूवाली, मला रावसाहेब म्हणणारी एकटीच. मागच्या पडवीत जाळीचे कपाट होते. त्यात ती भरलेली भांडी ठेवी, आणि माझे काम आटोपले की रिकामी करून धुई. मी तिच्याशी तीन हातांवरून बोले. ती ज्या वस्तूला हात लावी तिलाच मीही लावी, रोज, चमच्याने आणि सळईने. तरी तिच्याशी तीन हातांवरून बोले. बी. एस्सी. झालेला माणूस! लिहिताना आज माझी लेखणी कागदात रुतते आहे.

म्हाकूबाईचा दुसरा काळा दिसला तो भाद्रपदातल्या एका संध्याकाळी. डॉक्टर मुंबईस गेले होते, परवा सकाळी परतणार होते. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळी भांडी एकत्र कालवून सुकत घालावयाची होती. उकाडा असा की त्याहून थांबणे शक्य नव्हते.

आणि दुसऱ्या दिवशी माझ्या वडिलांची तिथी होती.

मला ते आठवडाभर आधी ठाऊक होते. तुम्ही विचाराल, मग आधीच का नाही काही केले? डॉक्टरांना सांगितले असते तर त्यांनी दोन दिवस अलीकडे-पलीकडे केले असते. पण ते आधी हसले असते. "काय हो, पिंड आणि हे — एका हाताने होत नाही वाटते?" असे काहीतरी म्हणाले असते, आणि ती एक कोटी मला झेपणार नव्हती. आईला सांगितले असते तर? तिला सगळेच सांगावे लागले असते. मी कोणालाच काही सांगितले नाही. मी वाट पाहिली. कशाची? भित्रा माणूस नेहमी वाट पाहतो, आणि कशाची ते त्याला कधी सांगता येत नाही.

तिथीच्या दिवशी सकाळी आंघोळ करून, धूतवस्त्र नेसून मी आईला म्हटले की गिरणीतल्या माझ्या खोलीला कुलूप आहे का एवढे पाहून येतो. ती म्हणाली, "कोणाला शिवू नकोस. गुरुजी येतीलच." मी दवाखान्याच्या मागच्या दाराने जाऊन पडवीच्या पायरीपाशी उभा राहिलो. वर चढलो नाही. भागूबाई कपाटापाशी होती. वास येऊ लागला होता. मला पाहून ती नेहमीसारखी दोन पावले मागे सरकली — आणि मीही मागे सरकलो.

"रावसाहेब, म्हाकूबाईची भांडी ठेवू का टाकू?"

येथे मी नेहमी थांबतो. बारा वर्षे मनात हे उगाळतो आहे आणि येथे आलो की थांबतो. "ठेव" म्हणावयाचे होते. अक्षरे तितकीच. सडू नये म्हणून कार्बोलिक ओत, झाकण घट्ट लाव, ओल्या गोणपाटात गुंडाळ, संध्याकाळी येतो — एवढे म्हणता आले असते. किंवा त्याच क्षणी पायरी चढून दोन तासांत सगळे कालवून सुकत घालता आले असते. आणि मग काय, पुन्हा आंघोळ! पाण्याचा दुष्काळ नव्हता. चार तांब्यांचा प्रश्न होता. एका बाजूला एका बाईचे पोट, आणि दुसऱ्या बाजूला चार तांबे पाणी आणि आईचा एक प्रश्न — "पुन्हा आंघोळ कशाला रे?"

मी म्हटले, "टाक."

आपण चुकीचे ऐकले असे वाटून की काय, भागूबाई म्हणाली, "समदी?"

"सगळी टाक."

दुपारी घरी दोन ब्राह्मण जेवले. मी त्यांच्या पानांवर तूप वाढले, सढळ हाताने. खीर, वडे, आणि वर तूप. तृप्त झालात ना, असे विचारावयाचे असते, मी विचारले. तृप्त झालो, असे ते म्हणाले. आईच्या डोळ्यांत पाणी आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर येण्याआधी मी नोंदवही उघडली. म्हाकूबाईची ओळ रिकामी. आता पाहा — येथपर्यंत मी भ्याड होतो, एवढेच. यापुढे मी काय झालो त्याला मला शब्द सापडत नाही. भांडी सांडली, प्रयोग वाया गेला, पुन्हा करू — हे वाक्य मी वाटेत पाठ केले होते, मुले धडा पाठ करतात तसे. ती बाई आणखी चार दिवस आनंदाने राहिली असती. खाटेवर तिला दोन वेळ आयते जेवण होते. डॉक्टर ओरडले असते आणि विसरले असते. पण त्यांच्या पावलांचा आवाज आला, आणि पाठ केलेले वाक्य गेले, आणि मी आकडा लिहिला.

कोणता? हे सगळ्यांत वाईट आहे. मला आकडा बनवावयाचाच होता तर मोठा का नाही बनवला? तिच्या बाजूचे खोटे का नाही लिहिले? कारण डॉक्टरांची एक सवय होती. आकडा विचित्र दिसला की ते बोट ठेवून म्हणत, "चंबू दाखवा." मोठ्या आकड्याला चंबू दाखवावा लागला असता, त्याच्या तळाशी तेल दाखवावे लागले असते. निरोगी आकड्याला कोणी काही विचारत नाही. म्हणून मी निरोगी आकडा लिहिला. आधीच्या आठवड्यात त्याच खाटेवर एक धडधाकट विणकर होता. त्याच्या ओळीतला आकडा घेतला, आणि दोन माणसे अगदी सारखी वाटू नयेत म्हणून दशांशापुढचे दोन अंक बदलले. त्यातही काळजी घेतली. अक्षर सुबक काढले.

डॉक्टरांनी ओळीवरून नजर फिरवली आणि खाली सही केली. चंबू मागितला नाही.

नायकीण बोलावली गेली. म्हाकूबाई लुगड्याचा पदर खोचून, बोचके हातात घेऊन उभी राहिली. रजेची तयारीच करून आली होती. डॉक्टरांनी वही पुढे धरून सांगितले की शंभरातले चौऱ्याण्णव भाग तेल अंगी लागते आहे, असले पोट लखपतीलाही मिळत नाही, बाईला काहीएक झालेले नाही. नायकीण हसली. "म्या म्हनलं न्हवतं?"

म्हाकूबाईला आधी कळलेच नाही. मग कळले. ती भांडली नाही. ती भांडली असती तर मला ते सोसले असते. ती विचारात पडल्यासारखी स्वतःच्या पोटाकडे पाहत म्हणाली, "काटा म्हनतोय म्हंजी तसंच आसंल. माजं मलाच कळत नसंल." आणि मग माझ्याकडे वळली. "मास्तर, तुमी सवता बगितलं न्हवं?"

मी म्हटले, "हो."

ती गेली. त्या दिवशी संध्याकाळी मी नळाखाली अंग धूत होतो, आणि पडवीच्या कोपऱ्यातून भागूबाई हळू बोलली. इतक्या दिवसांत ती आपण होऊन कधी बोलली नव्हती. "रावसाहेब, त्या बाईचं खरं हुतं की. मी रोज भांडी धुती. दुसऱ्यांची पान्यानं निगत्यात. हिची निगत न्हवती, तेलकाट. राखंनं घासावी लागली, दोन-दोन डाव."

दवाखान्यात त्या बाईचे खरे मोजमाप एकच झाले होते, आणि ते तिने केले होते, मूठभर राखेने. तिच्यापाशी ना वही होती ना काटा. डॉक्टरांपुढे जाऊन ते बोलण्याची तिची प्राज्ञा नव्हती. म्हणून ती माझ्यापाशी बोलली. मी काय केले असेल? मी ओला, उघडा, नळाखाली उभा होतो, आणि मी तिच्यावर ओरडलो. आयुष्यात मी फार थोड्या माणसांवर ओरडलो आहे. "तुला काय कळते त्यातले? आपले काम कर. मध्ये बोलायचे नाही!" भिडस्त माणसाचा आवाज कसा चढला पाहा. वरच्यापुढे जो फुटत नव्हता तो खालच्यापुढे लगेच फुटला.

तुमच्या तोंडावर एक प्रश्न दिसतो आहे — नंतर तरी? नंतर वेळ होता. नाव कमी झाल्यावर म्हाकूबाई महिनाभर सोलापुरातच होती, कोणाच्या तरी घरी शेंगा फोडावयास जात होती. एकदा बाळीवेशीपाशी मला दिसली. तिने मला पाहिले नाही. मी गल्लीत वळलो. त्यानंतर ती गावी गेली. दिवाळीपासून शिमग्यापर्यंत रोज सकाळी डॉक्टरांची खुर्ची माझ्यापासून दहा पावलांवर होती. रोज सकाळी. मी ती दहा पावले मोजून दाखवू शकेन.

शिमग्यानंतर भागूबाईने झाडता झाडता, माझ्याकडे न पाहता सांगितले की म्हाकूबाई गेली. तिच्या गावची एक बाई गिरणीत होती, तिच्याकडून कळले होते. सुकत सुकत गेली. शेवटी शेवटी गावात तिला कोणी आजारी म्हणेना, कारण गिरणीच्या डॉक्टरांनी मोजून सांगितले होते. आणि नवरा मेंढरे सोडून आला तेव्हा ती त्यालाही म्हणाली होती की मला काय झालेलं न्हाय, काट्यानं बगितलंय. भागूबाईने एवढे सांगितले, केरसुणी आपटली, आणि पुढे झाडत गेली.

रजा, दूध आणि औषध मिळून ती जगली असती का? मला ठाऊक नाही. हे मी सुटकेसाठी म्हणत नाही. ठाऊक नाही, कारण ते ठाऊक होण्याचा एकच मार्ग होता आणि तो मी मोरीत ओतावयास सांगितला.

निबंध छापून आला. त्यात म्हाकूबाईची ओळ आहे. नाव नाही, क्रमांक आहे. शेवटी डॉक्टरांनी माझे आभार मानले आहेत, माझ्या 'दक्ष आणि प्रामाणिक' कामाबद्दल. त्यांनी ते मनापासून लिहिले होते. त्याच शिफारशीवर मला ही शाळा मिळाली. दर वर्षी जूनमध्ये मी नव्या मुलांपुढे काटा ठेवतो आणि पारडे स्थिर होईपर्यंत श्वास रोखावयास शिकवतो.

आई दोन वर्षांपूर्वी वारली. ती असताना मी हे लिहिले नाही, याची नोंद घ्या. डॉक्टरही आता येथे नाहीत. ज्यांच्यापुढे बोलणे कठीण होते ती सगळी माणसे गेल्यावर मला वाचा फुटली आहे. या धैर्याची काय किंमत करावयाची ते उघड आहे.

एक गोष्ट मी आतापर्यंत चुकवली. तुमच्या लक्षात आली असेल. वर मी अशा थाटात लिहिले आहे की जणू भांडी टाकली म्हणून उत्तर कळलेच नाही. तसे नव्हते. ते तीन दिवस झाकणे मी स्वतः उघडत होतो, दर भांड्याची नोंद कच्च्या कागदावर करावयाची असे, डॉक्टर तो पाहत नसत. भागूबाईने सांगण्याची मला गरज नव्हती. तोलावयाचे तेवढे राहिले होते. पाहावयाचे राहिले नव्हते.

म्हणून त्या वहीतली ओळ येथे पुन्हा लिहितो. म्हाकूबाई, वाइंडिंग खाते. मल पांढुरका, फेसाळ, पाण्यावर तरंगणारा. भांड्याच्या कडेला तेलाचे वळे. वजन केले नाही. तेल पोटात राहत नव्हते. बाई खरे बोलत होती. मी स्वतः पाहिले.